मुलांच्या घरातून इंग्रजीकडे: आठवी ते दहावीच्या नव्या इंग्रजी शिक्षकांसाठी

जूनमध्ये नेमणुकीची ऑर्डर घेऊन तुम्ही बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातल्या एखाद्या मराठी माध्यमाच्या हायस्कूलला रुजू होता. इंग्रजीचे तास तुमच्या नावावर पडतात आणि पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये कुणीतरी जवळिकीनं सांगतं, "ही ऊसतोड कामगारांची पोरं. घरी कुणी शिकलेलं नाही. गाइडमधली उत्तरं पाठ करून घ्या, पस्तीस पडले तरी खूप झालं." मलाही हेच सांगितलं होतं. पहिली दोन वर्षं मी तसंच शिकवलं, आणि त्या दोन वर्षांतल्या मुलांचं आपण नुकसान केलं ही बोच अजून गेलेली नाही. तुमची ती दोन वर्षं वाचावीत म्हणून हे लिहिते आहे.

महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं. म्हणजे आठवीतल्या मुलानं सात वर्षं इंग्रजीचं पुस्तक हाताळलेलं असतं. तरी साधा परिच्छेद वाचताना तो तिसऱ्या शब्दाला अडखळतो. याचं कारण बुद्धीत शोधू नका. त्या सात वर्षांत पुस्तकाची आणि त्याच्या घराची कधी गाठच पडलेली नसते.

ही गाठ घालून देण्याला शिक्षणशास्त्रात नाव आहे: "कल्चरली रेलेव्हंट पेडॅगॉजी", म्हणजे मुलांच्या संस्कृतीशी जोडलेलं शिकवणं. अमेरिकेत ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज यांनी कृष्णवर्णीय मुलांना उत्तम शिकवणाऱ्या आठ शिक्षकांच्या कामाचा अभ्यास केला आणि १९९५ मध्ये त्यावर लिहिलं. त्यांच्या मांडणीत तीन गोष्टी आहेत: मूल अभ्यासात खरंच पुढं गेलं पाहिजे, स्वतःची भाषा-संस्कृती न सोडता पुढं गेलं पाहिजे, आणि भोवतीच्या अन्यायाकडे प्रश्न विचारत पाहायला शिकलं पाहिजे. पहिली गोष्ट पहिलीच आहे, हे विसरू नका. मुलांच्या जगाबद्दल छान गप्पा झाल्या आणि वाचता-लिहिता आलंच नाही, तर मुलांच्या हाती काही पडलं नाही.

पहिले पंधरा दिवस: ओळखीची वही

एक दोनशेपानी वही घ्या. प्रत्येक मुलाला एक पान. त्यावर जात लिहायची नाही, विचारायचीही नाही. लिहायचं ते असं: घरात कोणती भाषा बोलतात, घरचं काम काय, मूल स्वतः कोणतं काम करतं, दिवाळीनंतर कोण गावात राहतं आणि कोण ऊसतोडीला जातं, मूल कशात तरबेज आहे.

भाषेच्या रकान्यात सगळ्यांपुढं "मराठी" लिहून मोकळे होऊ नका. बंजारा तांड्यावरून येणारी मुलं घरी गोरमाटी ही आपली बोली बोलतात. शाळेतली मराठी हीच त्यांची दुसरी भाषा असते, हिंदी तिसरी आणि इंग्रजी चौथी. असं मूल तीन भाषा सांभाळून तुमच्या तासाला बसलेलं असतं. ज्याला आपण "भाषेत कच्चा" म्हणतो त्याच्याकडे हा केवढा साठा आहे, ते त्या रकान्यामुळं दिसतं. हीच वही खानदेशात अहिराणीची, मेळघाटात कोरकूची आणि नंदुरबारकडे भिली-पावरीची होईल.

संध्याकाळी वस्तीवर, तांड्यावर जा. गृहभेटीचं रजिस्टर भरायचं म्हणून जायचं असेल तर नका जाऊ. शिकायला म्हणून जा. अमेरिकेत ॲरिझोनातल्या टूसान शहरात लुइस मॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षकांना मेक्सिकन वंशाच्या कामगारांच्या घरी असंच पाठवलं होतं. शेती, बांधकाम, दुरुस्ती, औषधी वनस्पती, घरोघर कसलं कसलं ज्ञान आहे ते शिक्षकांनी टिपून आणलं आणि त्यावर वर्गातले धडे बेतले. त्यांचा लेख १९९२ चा आहे. आपल्याकडे याच्या कितीतरी आधी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा घेऊन थेट माळावर गेल्या होत्या.

चहा दिला तर घ्या. अभ्यासाची तक्रार त्या दिवशी काढू नका. एकच विचारा: "तुमच्या कामातलं मला काही शिकवाल का?"

वाचन तपासा, पण चारचौघांत नको

दुसऱ्या आठवड्यात प्रत्येक मुलाला एकेकट्याला बोलवा. व्हरांड्यात, झाडाखाली, कुठंही. दहा सोपे शब्द, चार वाक्यं, एक छोटा परिच्छेद. वाचेल तिथपर्यंत वाचू द्या, थांबेल तिथं "छान" म्हणून थांबवा आणि वहीत खूण करा. भर वर्गात उभं करून वाचायला लावलं की न येणारं मूल त्या दिवसापासून तुमच्या तासाला मान खाली घालून बसतं, आणि ती मान वर आणायला वर्ष जातं.

आठवीतही काही मुलांना इंग्रजी अक्षरांचे आवाज जोडता येत नाहीत, हे पाहून घाबरू नका. त्यांच्यासाठी रोज पंधरा मिनिटं वेगळी काढा आणि वाचायला बालवाडीची पुस्तकं देऊ नका. चौदा वर्षांच्या मुलाला सफरचंदाचं चित्र दाखवणं हा अपमान आहे. त्यांना घरातलं इंग्रजी वाचायला द्या. खताच्या गोणीवर, बिस्किटाच्या पुड्यावर, फवारणीच्या औषधाच्या बाटलीवर, ट्रॉलीच्या मागच्या फळीवर, बँकेतून आलेल्या मेसेजमध्ये इंग्रजी असतंच. माझ्या वर्गात एका मुलानं घरातल्या कीटकनाशकाच्या बाटलीवरचा "पॉइझन" हा शब्द पहिल्यांदा स्वतःचा स्वतः वाचला आणि घरी जाऊन बाटली वरच्या फळीवर ठेवली. वाचनाचा उपयोग काय, हे त्याला मी वेगळं सांगायची गरज उरली नाही.

मग फळ्यावर एक यादी करा: आपल्या बोलण्यातले इंग्रजी शब्द. ट्रॅक्टर, ट्रॉली, टायर, ड्रायव्हर, स्लिप, टन, ॲडव्हान्स. ऊसतोडीतली मुलं गाडी सेंटर, टायर सेंटर, डोकी सेंटर असे टोळ्यांच्या प्रकारांचे शब्द सहज बोलतात. कारखान्याच्या चिटबॉयला, म्हणजे फडावर चिठ्ठ्या देणाऱ्या माणसाला, ती नावानं ओळखतात. ज्यांना "इंग्रजी येत नाही" त्यांच्या तोंडून अर्ध्या तासात साठ-सत्तर शब्द निघतात. त्यांचं स्पेलिंग तुम्ही लिहा, आवाज आणि अक्षर यांचा मेळ त्या शब्दांवरच शिकवा. ऱ्हस्व-दीर्घ स्वरांचा फरक आपल्या मुलांच्या कानाला चटकन कळत नाही, "शिप" आणि "शीप" त्यांना एकच वाटतात. पण वर्गात मेंढरं राखणारा एखादा असतोच. "तुझी शीप समुद्रात नाही ना चालत?" एवढं विचारलं की तो फरक वर्षभर टिकतो.

एक धडा जवळून: कर्मणी प्रयोग

नववीला मी तीन दिवस पॅसिव्ह व्हॉइस शिकवत होते. राम आंबा खातो, रामाकडून आंबा खाल्ला जातो. मुलं नियम पाठ म्हणायची आणि नवं वाक्य दिलं की गप्प व्हायची. चौथ्या दिवशी मी पुस्तक मिटलं आणि विचारलं, "ऊस कसा तोडतात? मला काहीच माहीत नाही असं समजून सांगा."

वर्ग एकदम जागा झाला. कोयता बुडाशी कसा घालायचा, पाचट कसं सोलायचं, वाढं कुठं छाटायचं. मोळी बांधण्यावरून दोघांचं जुंपलं. तेव्हा मागच्या बाकावरची, वर्षात दोन वाक्यंही न बोललेली एक मुलगी उठून पुढं आली. तिनं पाच-सहा जणांच्या पेनांची मूठ केली, वेणीची रिबीन सोडून ती भोवती गुंडाळली, दोन्ही टोकांना पीळ दिला आणि टोक आत खोचलं. "गाठ नाय मारायची मॅडम. गाठ सुटाया येळ जातो. पीळ द्यायचा न् खोचायचं."

मी फळ्यावर दोनच शब्द लिहिले: ट्विस्ट आणि टक. मग आम्ही सगळी कृती क्रमानं मांडली, आधी मराठीत. मराठीत मुलं म्हणत होती, "बुडाशी तोडतात, पाचट काढतात, मोळी बांधतात." कोण तोडतं ते कुणीच म्हणत नव्हतं, कारण ते सगळ्यांना माहीत होतं. तिथंच मी थांबवलं. मराठीत "तोडतात" म्हणून आपण करणाऱ्याचं नाव गाळतो, तिथं इंग्रजी बहुतेकदा पॅसिव्ह वापरतं. द केन इज कट निअर द ग्राउंड. द ड्राय लीव्ह्ज आर रिमूव्ह्ड. द एंड्स आर ट्विस्टेड अँड टक्ड इन. त्या तासाला मुलांनी अकरा वाक्यं स्वतः रचली, आणि त्यातलं शेवटचं त्यांच्या पाठ्यपुस्तकातल्या सरावाच्या वाक्यांपेक्षा अवघड होतं.

वह्या तपासताना दिसलं की त्या मुलीनं प्रत्येक वाक्यापुढं "बाय माय मदर अँड फादर" जोडलंय. नियमाप्रमाणं ते गाळायला हवं. दुसऱ्या दिवशी मी तिलाच विचारलं. ती म्हणाली, "मग तोडलं कुणी ते कळंल कसं?" त्यावर पुढचा सगळा तास गेला. पेपरात "इतक्या लाख टनांचं गाळप झालं" असं छापून येतं, त्यात तोडणारे कुठं आहेत? कर्ता कधी गाळतात, कोण गाळतं, आणि मुद्दाम लिहायचा तर "बाय" कुठं घालायचा? व्याकरणाचा एवढा खोल तास मी गाइड हातात घेऊन कधीच घेऊ शकले नसते. तिची वाक्यं मी तशीच ठेवली.

आता हे तुमच्यासाठी पायऱ्यांत सांगते. आधी मुलांना येणारी कृती निवडा: भाकरी थापणं, विहिरीवर मोटार चालू करणं, शेळीची धार काढणं. त्यावर त्यांच्या बोलीत भरपूर बोलू द्या, त्या वेळी इंग्रजीचा आग्रह नको. मग मुद्दे फळ्यावर मराठीत क्रमानं लावा. न येणारे पाच-सहा इंग्रजी शब्दच तुम्ही द्या, वाक्यं मुलांना जोडीनं करू द्या. शेवटी तो मजकूर फ्लोचार्टमध्ये उतरवून घ्या. दहावीच्या लेखनकौशल्यात माहितीचं रूपांतर करायचा प्रश्न असतो, त्याची तयारी इथंच झाली. पत्र, भाषण, बातमी, एखाद्या मताची दुसरी बाजू हे बाकीचे प्रकारही असेच घरच्या विषयापासून सुरू करता येतात. सरपंचांना पाण्याच्या टँकरसाठी अर्ज लिहिताना मुलांना मुद्दे पुरवावे लागत नाहीत.

चुका वाचायला शिका

लाल पेन थोडा वेळ बाजूला ठेवा. मूल लिहितं, "फीव्हर केम टू मी." हे "मला ताप आला" आहे. "टू मी देअर आर टू ब्रदर्स" म्हणजे "मला दोन भाऊ आहेत." मूल विचार करून, मराठीच्या नियमानं अगदी बरोबर लिहितंय. त्याला "चूक" एवढंच सांगितलं तर तो पुढच्या वेळी लिहिणारच नाही. दोन वाक्यं शेजारी शेजारी लिहा आणि मुलांनाच फरक शोधू द्या: मराठीत ताप माझ्याकडे येतो, इंग्रजीत मी ताप बाळगतो, "आय हॅव अ फीव्हर."

इनडायरेक्ट स्पीचचंही असंच. आपण म्हणतो, "तो म्हणाला की मी उद्या येतो." बोलणाऱ्याचा "मी" आपण तसाच ठेवतो. इंग्रजीत तो "ही" होतो आणि काळही मागं सरकतो. आपली भाषा हे कसं करते ते आधी दाखवलं की परीक्षेतला हा प्रश्न मुलांना सुटायला लागतो. "टेबलावर" मधला "वर" नामाच्या मागं लागतो, इंग्रजीतला "ऑन" पुढं. "अ" आणि "द" तर मराठीत नाहीतच, तेव्हा ते राहून जाणार, त्यावर वर्षाच्या सुरुवातीला गुण कापत बसू नका.

एका वहीत एका वेळी दोनच प्रकारच्या चुका धरा आणि खाली एक ओळ मजकुराबद्दल लिहा. "तुझ्या आजीची गोष्ट मला आवडली, पुढं काय झालं?" ही ओळ वाचण्यासाठी मुलं वही उघडतात.

आरसा दाखवलात, आता खिडकी उघडा

रूडीन सिम्स बिशप या अमेरिकी अभ्यासक बाईंनी १९९० मध्ये लिहिलं की मुलांना वाचनात आरसेही हवेत आणि खिडक्याही. स्वतःचं जग दिसलं पाहिजे, आणि दुसऱ्याचंही. आपण नव्या उत्साहात ऊस, कोयता, तांडा यातच मुलांना बांधून ठेवलं तर तोही अन्यायच. त्यांना बर्फ, समुद्र, अंतराळ सगळं वाचायचंय.

मी दरवर्षी एक उतारा स्वतः सोप्या इंग्रजीत लिहून देते. कॅलिफोर्नियातल्या शेतमजुरांना बुटक्या दांड्याचं खुरपं वापरायला लावत. दिवसभर कमरेत वाकून माणसांच्या पाठी कायमच्या जायच्या. मजुरांनी लढा दिला आणि १९७५ मध्ये तिथं त्या खुरप्यावर बंदी आली. उतारा अनसीन पॅसेजएवढाच, खाली नेहमीचेच प्रश्न. पण हा उतारा मुलं ज्या लक्षानं वाचतात ते पाहण्यासारखं असतं. आईची पाठ त्यांनी पाहिलेली असते. एका मुलानं शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात लिहिलं होतं, "अवर कोयता इज ऑल्सो शॉर्ट."

आणि जवळची खिडकी म्हणजे मुक्ता साळवे. सावित्रीबाई-जोतिबांच्या शाळेतल्या या मुलीनं मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये "ज्ञानोदय"मध्ये छापून आला. शाळकरी मुलीनं स्वतःच्या समाजाबद्दल लिहिलं आणि ते छापलं गेलं, याला पावणेदोनशे वर्षं होत आली. मी त्यातला भाग मराठीत वाचते, चर्चा मराठीतच होते, आणि मग मुलं तिला इंग्रजीत चार ओळींचं पत्र लिहितात.

इथं जपून

संस्कृती म्हणजे गॅदरिंगचं नऊवारी आणि लेझीम एवढंच धरू नका. काम, पैसा, बोली, प्रवास, रुसवे-फुगवे, देवाची जत्रा, हे सगळं त्यात येतं.

कुणाची गरिबी वर्गापुढं मांडायला लावू नका. "माझे वडील" हा एकच विषय सक्तीचा दिला की ज्याचे वडील नाहीत किंवा दारूत आहेत ते मूल तासभर कोरा कागद धरून बसतं. नेहमी तीन विषय द्या, त्यातला एक पूर्ण काल्पनिक ठेवा. लिहिलेलं वाचून दाखवायचं की नाही हे मुलानं ठरवायचं. तांड्यावरच्या मुलाला "तुमच्यात कसं असतं ते सांग" असं एकट्याला उभं करून विचारू नका. तो एका समाजाचा प्रतिनिधी म्हणून शाळेत आलेला नाही.

आणखी एक गोष्ट, ही फार गांभीर्यानं घ्या. मुलं मोकळेपणानं लिहायला लागली की कधी एखाद्या वहीत "माय मॅरेज इज आफ्टर दिवाली" असं वाक्य येतं. त्यातलं व्याकरण तपासत बसू नका. मुलीशी एकांतात बोला, मुख्याध्यापकांना सांगा. गावपातळीवर ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो आणि १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे. मुलीचं नाव गावात फुटणार नाही याची काळजी घ्या. तिनं तुमच्यावर विश्वास ठेवून लिहिलेलं असतं.

दिवाळीआधीचा आठवडा

मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली घरं ऊसतोडीच्या हंगामाला निघतात. ट्रकमध्ये भांडी, कोंबड्या, म्हातारी माणसं आणि तुमचे विद्यार्थी असतात. दहावीची मुलं बहुधा आजीपाशी मागं राहतात, आठवी-नववीची पुष्कळशी जातात. हंगामी वसतिगृहात राहू शकतील अशी मुलं आधीच हेरा आणि पालकांशी दसऱ्यापूर्वी बोला, ट्रक दारात उभा राहिल्यावर काही होत नाही. जाणारच असतील तर शिक्षण हमी कार्ड भरून सोबत द्या, म्हणजे जिथं कोपी (फडाजवळची तात्पुरती झोपडी) पडेल तिथल्या शाळेत बसता येईल.

माझं स्वतःचं एक पुडकं असतं: शंभरपानी वही, दोन पेनं, परिशिष्टासारखी जोडलेली शब्दयादी, आणि वहीच्या आतल्या बाजूला माझा फोन नंबर. काम एकच: आठवड्याला पाच ओळी. कोणतं गाव, कुणाचा फड, आज काय पाहिलं, कोणता इंग्रजी शब्द कुठं वाचला. ज्यांच्या घरी फोन आहे ती मुलं रविवारी एक परिच्छेद मोठ्यानं वाचून आवाज पाठवतात, मागून ट्रॅक्टरचा आवाज येत असतो.

पाडव्याच्या सुमारास ती परत येतात तेव्हा त्या वह्या आधी वाचा, चाचणी नंतर घ्या. काही वह्या भिजून येतात, काही येतच नाहीत, त्याबद्दल रागावू नका. ज्या येतात त्यांतली दोन-दोन पानं वर्गाच्या भिंतीवर लावा. कर्नाटकातून आलेल्या मुलांनी तिथल्या दुकानांच्या पाट्यांवरचे इंग्रजी शब्द उतरवलेले असतात, सांगली-कोल्हापूरकडून आलेल्यांनी कारखान्याच्या गेटवरचे. वर्षभर गावातच राहिलेली मुलं ती पानं वाचायला भिंतीपाशी उभी राहतात आणि अडलेला शब्द लिहिणाऱ्यालाच विचारतात.

मे महिन्यात ओळखीची वही पुढच्या वर्गाच्या शिक्षकांकडे द्या. त्याआधी मुलांनी खासगी म्हणून सांगितलेलं जे काही असेल ती पानं काढून घ्या.